तीन झाडांत वाण टिकतो का? जर्मनीतली घरची गांजा-लागवड आणि देशी बियाणं

लाइपझिगकर

गेल्या ऑक्टोबरात बाल्कनीतलं एक झाड मुळासकट उपटून टाकावं लागलं. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतोय, म्हणून हा धागा.

आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी नऊ वर्षं लाइपझिगला राहतो. १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढ माणसाला स्वतःच्या घरी, स्वतःच्या वापरापुरती गांजाची ३ झाडं लावता येतात. त्यासाठी देशात किमान सहा महिने वास्तव्य लागतं. घरात ५० ग्रॅमपर्यंत वाळलेला माल चालतो, बाहेर सोबत २५ ग्रॅम. घरी पिकवलेलं दुसऱ्याला फुकटसुद्धा द्यायचं नाही. लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था ठेवावी लागते. भारतात यातलं काहीच चालत नाही, तेव्हा तिथल्या कुणी हे वाचून कुंडी भरायला घेऊ नये.

माझी दोन झाडं लवकर येणाऱ्या जातीची होती. तिसरं 'हिमालयातलं देशी' म्हणून घेतलेल्या बियांचं. जुलैत ते माझ्या डोक्याच्या वर गेलं. पानं लांब, बोटभर रुंदीचीही नाहीत, आणि देठ चोळला की कैरीची कोय फोडल्यासारखा वास. मी सातारा जिल्ह्यातला, परड्यात रायवळ आंबे होते. तो वास नाकात गेला आणि या झाडावर जीवच जडला.

पण फुलोरा धरला सप्टेंबर अर्धा सरल्यावर. बाकीची दोन तोवर काढायला आली होती. मग पाऊस लागला. एके सकाळी मधल्या तुऱ्यातलं एकच पान पिवळं दिसलं. चिमटीत धरून ओढलं तर लोण्यातून निघाल्यासारखं हातात आलं. तुरा उकलून बघितला, तर आतलं खोड तपकिरी, मऊ, आणि बोट लागताच राखेसारखी भुकटी उडाली. राखाडी बुरशी. चार दिवसांत सगळे तुरे गेले.

पाकिटात अजून सात बिया शिल्लक आहेत. त्या लवकर येणाऱ्या जातीशी संकर करून, वास देशीचा आणि वेळ त्या जातीची, असा आपला वाण तयार करता येईल का? तीनच झाडांच्या मर्यादेत? इथे शेतीतले जाणकार आहेत म्हणून विचारतोय.

---

रानवाट

भारतातल्या वाचकांसाठी थोडी भर. आपल्याकडे १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा आहे. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कपाशीत किंवा तुरीत आडोशाला लावलेली झाडं पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या कायद्यात 'गांजा' म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्यात. म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. 'पानंच तर आहेत' असं समजून इथे कुणी फसू नये.

---

बाजरीवाला

माझं आयुष्य बाजरीच्या पैदाशीत गेलं. गांजावर मी काम केलेलं नाही, पण परपरागीभवनाचं पीक, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागावर बी धरणारं, म्हटलं की नियम तेच लागू होतात, म्हणून लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, हे झाड पपईसारखं आहे. नर वेगळा, मादी वेगळी. पपईत जसं फुलं आल्याशिवाय कळत नाही आणि शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावून मग नर काढतो, तसंच इथे. साध्या बियांतून साधारण निम्मे नर निघणार. गांजासाठी लावणारा नर दिसला की उपटतो, कारण पराग पडला की मादी बिया भरायला लागते आणि राळ, म्हणजे तुऱ्यावरचा नशेचा चिकट रस, कमी होते. तुम्हाला वाण करायचा तर नर लागणार. आता तीन झाडांत नर धरा आणि हिशोब मांडा.

दुसरी गोष्ट, पराग वाऱ्यावर जातो. बाजरीच्या संकरित बियाण्याला प्रमाणित बीजोत्पादनात २०० मीटर आणि पायाभूत बीजोत्पादनात १००० मीटर अंतर ठेवतात. तुमच्या बाल्कनीत नर फुटला तर शेजाऱ्यांची झाडंही बिया धरतील, आणि त्यांना ते आवडणार नाही.

आता मुख्य मुद्दा. देशीचा आणि लवकर येणाऱ्याचा संकर केला, पहिली पिढी आली. ती बहुधा जोमदार, बरीचशी एकसारखी दिसेल. लोक इथेच खूश होऊन थांबतात. पण हवा तो मेळ दुसऱ्या पिढीत निघतो, तिथे सगळे गुण पत्त्यांसारखे पिसले जातात. समजा तुम्हाला तीन गुण एकत्र हवेत: लवकर फुलणं, कैरीचा वास, बुरशीला दम धरणं. सोयीसाठी प्रत्येक गुण एकाच जनुकाचा आणि अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, धरू. प्रत्यक्षात बुरशीचा प्रतिकार असा एका जनुकावर येत नाही, पण हिशोब कळावा म्हणून. एक गुण ४ झाडांत १. तिन्ही एकत्र ६४ झाडांत १. असं एक तरी झाड मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी तर सुमारे १९० झाडं लावावी लागतात. तुमच्या तीन झाडांत ते मिळण्याची शक्यता पाच टक्केसुद्धा नाही.

त्यात निम्मे नर. नराच्या अंगात वास किंवा राळ कशी आहे हे थेट दिसत नाही. बैलाकडे बघून दूध कसं ओळखणार? त्याच्या मुली वाढवूनच बघाव्या लागतात.

तिसरं म्हणजे परपरागीभवनाच्या पिकाला जवळच्या नात्यातलं लग्न मानवत नाही. बहीण-भावांचा संकर करत गेलात की चार-पाच पिढ्यांत जोम उतरतो: बुटकी झाडं, कमी बी, वांझ तुरे. बाजरीत मी हे डोळ्यांनी बघितलंय. स्वफलनाच्या, म्हणजे झाडाचा पराग त्याच झाडावर टाकत गेल्यावरच्या, सातव्या पिढीतली ओळ बघून लोक विचारायचे, खत घालायला विसरलात का?

---

लाइपझिगकर

काका, हे वाचून आधी पोटात खड्डा पडला, मग पुन्हा वाचलं. बैलाचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. इथे दुकानांत 'फक्त मादी' बिया मिळतात, त्या कशा करतात? आणि 'आपोआप फुलणारी' म्हणून एक जात आहे, ती लावून उशिराचा प्रश्न सुटेल का?

---

मधुरा_बर्लिन

मी वनस्पती-रसायनशास्त्रात काम करते, या दोन्हींवर लिहिते.

फक्त मादी बियांची युक्ती काकडीच्या पैदासकारांना जुनी माहीत आहे. झाडात एथिलीन नावाचा वायुरूप संप्रेरक असतो, तो मादी फुलाकडे ढकलतो. चांदीचे क्षार एथिलीनचं काम अडवतात, मग मादी झाडावर नर फुलं येतात. त्या नर फुलांतल्या परागात नराचं गुणसूत्र नसतंच, म्हणून सगळी प्रजा मादी. पण पराग देणाऱ्या अशा झाडाचे तुरे ओढायला वापरायचे नसतात, चांदीचे क्षार त्यात राहतात. हे घरी करू नका, मी कृती देणार नाही. शिवाय ज्या झाडाला थोड्या ताणानेच नर फुलं येतात ते या कामाला निवडलं, तर तो दोष पोरांत उतरतो. ऊन, पाणी, उजेड यांत जरा इकडचं तिकडं झालं की मादी झाडावर पिवळ्या केळीच्या घडासारखे पुंकेसर दिसायला लागतात. बाजारातल्या पुष्कळ बियांचं हेच दुखणं आहे.

आपोआप फुलणाऱ्या जातीत रशिया आणि मध्य आशियाकडच्या बुटक्या रानटी प्रकाराचं रक्त आहे. १९२४ मध्ये यानिशेव्हस्की यांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं. नेहमीचं झाड रात्र लांबली की फुलतं, हे मात्र वय झालं की फुलतं, दिवस कितीही मोठा असो. हा गुण अप्रभावी. म्हणजे तुमच्या देशीशी संकर केलात तर पहिली पिढी पुन्हा रात्रीचीच वाट बघणार, दुसऱ्या पिढीत चौथा हिस्सा आपोआप फुलणार. काकांचं गणित इथेही सुटत नाही.

एक गुण मात्र खरोखर जवळजवळ एका जनुकाच्या जागेवर चालतो, आणि मला तो फार सुंदर वाटतो. टीएचसी म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १९६४ मध्ये इस्रायलमध्ये मेशुलम आणि गाओनी यांनी वेगळं काढलेलं. सीबीडी हे दुसरं, नशा न आणणारं. दोन्ही एकाच कच्च्या मालापासून बनतात, फक्त विकर (एन्झाइम) वेगळं. निव्वळ टीएचसीचं झाड आणि निव्वळ सीबीडीचं झाड यांचा संकर केला की पहिली पिढी दोन्ही बनवते, आणि दुसऱ्या पिढीत १:२:१ असं फुटतं: एक हिस्सा निव्वळ टीएचसीचा, दोन हिस्से दोन्हींचे, एक हिस्सा निव्वळ सीबीडीचा. मेंडेलच्या वाटाण्यात वर्चस्वामुळे हे झाकलं जातं, इथे प्रयोगशाळेच्या आलेखावर उघडं दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तो आलेख छापून टेबलासमोर लावला होता.

---

नगरी

उशिरा फुलण्याचं कारण आमच्या नगरवरून सांगतो. नगर १९ अक्षांशावर. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. लाइपझिग ५१ वर, तिथे जूनमध्ये साडेसोळा तास. खालच्या अक्षांशावर पिढ्यान् पिढ्या वाढलेलं झाड रात्र पुरेशी लांब व्हायची वाट बघत राहतं, आणि तुमच्याकडे तशी रात्र सप्टेंबरात उगवते. मग पाऊस आणि थंडी. झाडाची चूक नाही, ते आपल्या गावाच्या घड्याळाने चाललंय.

नगर म्हटल्यावर आणखी एक सांगायलाच हवं. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने भांग-गांजा-चरसवर मोठा आयोग नेमला होता. मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीचा मुख्य भाग म्हणून त्यात अहमदनगर जिल्हा येतो. मध्य प्रांतात खांडवा, बंगालमध्ये नौगाव. त्या काळी हे परवान्याचं, सरकारी देखरेखीखालचं पीक होतं. माझ्या आजोबांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं एवढंच आमच्या घरात उरलंय, की 'नर उपटायला जाणता माणूस लागायचा.'

बंगालात अशा माणसाला 'पोद्दार' म्हणत. शेतातून फिरायचा, फुलं पुरती उमलायच्या आधीच नर ओळखायचा आणि मोडायचा. शेतकरी त्याच्या नजरेचे पैसे मोजायचे. पैदासशास्त्राचं पुस्तक कुणी लिहिण्याआधी हे ज्ञान होतं. आज नगर जिल्ह्यात एकही माणूस ते सांगू शकणार नाही, याचं मला वाईट वाटतं. गांजा परत यावा असं म्हणत नाही. पण निवडीची ती नजर आणि ते बी, दोन्ही कागदावर उतरायच्या आत गेलं.

---

शाहूपुरी

एक भाबडा प्रश्न. आमच्याकडे हिरवळीच्या खताला ताग लावतात, दोऱ्याही करतात. त्याचा आणि याचा काही संबंध?

---

बाजरीवाला

काहीही नाही. आपला ताग, ज्याला बोरूही म्हणतात, तो तूर-हरभऱ्याच्या कुळातला, पिवळ्या फुलांचा, शेंगा धरणारा. अंबाडी भेंडीच्या कुळातली. इंग्रजीत तिघांच्या नावात 'हेम्प' हा एकच शब्द अडकवून ठेवल्यामुळे घोटाळा होतो. तुमच्या तागाला कुणी हात लावणार नाही.

---

चिंतामणी_पुणे

मला हा धागा वाचताना त्रास झाला, तो लिहितो.

माझ्या धाकट्या भावाने अठराव्या वर्षी ओढायला सुरुवात केली. विसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं की हा एकच दोषी असं म्हणता येत नाही, पण कमी वयात, रोज, तीव्र माल ओढणाऱ्याला मनोविकाराचा धोका वाढतो. आज तो बरा आहे, गोळ्या सुरू आहेत. आईने त्या तीन वर्षांत काय सोसलं ते मी इथे मांडू शकत नाही. तुम्ही वासाबद्दल, वाणाबद्दल प्रेमाने लिहिताय. मला त्या वासाने पोटात गोळा येतो.

---

लाइपझिगकर

चिंतामणी, तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. भावाला बरं वाटतंय हे वाचून धीर आला.

तुमच्या म्हणण्यात वाद घालण्यासारखं काही नाही. इथला कायदाही अठराच्या वरच्यांनाच परवानगी देतो, आणि पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो म्हणून सदस्यांसाठी एकत्र लागवड करणारे जे क्लब आहेत त्यांच्या १८ ते २१ वयाच्या सदस्यांना मिळणाऱ्या मालावर टीएचसीची १० टक्के मर्यादा आहे. मला विचाराल तर पैदाशीची दिशाच चुकली. गेल्या चाळीस वर्षांत निवड झाली ती टीएचसी वाढवण्यासाठी. जुन्या देशी झाडांत पुष्कळदा टीएचसी आणि सीबीडी दोन्ही असायचं. तीव्रतेमागे लागून नेमका तो समतोल फेकून दिला. मला माझ्या संकरात तो परत हवाय. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. बाल्कनीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या गळ्यात असते.

---

अल्मोड्याहून

मी मूळची नाशिकची, सहा वर्षं कुमाऊंत एका ग्रामीण प्रकल्पावर आहे. इथे भांगेचं झाड म्हणजे आधी बी आणि दोरा. बिया तव्यावर तडतडेपर्यंत भाजायच्या, मग पाट्यावर जिरं, लिंबू आणि हिरवी मिरची घालून वाटायच्या. बियांची टरफलं दाताखाली येतात, पण ती चटणी आणि मडव्याची म्हणजे नाचणीची भाकरी एकदा खाल्ली की विसरता येत नाही. बियांत नशा नसते.

उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीला परवाने द्यायला सुरुवात केली. अट अशी की टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत हवं. कागदावर छान. पण इथल्या रानात आणि परसात जे उगवतं त्यात ते सहज जास्त निघतं. म्हणजे पिढ्यान् पिढ्या जपलेलं बी नियमाबाहेर, आणि नियमातलं बी बाहेरून आणायचं. ते आलं की वाऱ्यावर पराग मिसळणार. हिमाचलात उलट बाजूने हेच झालंय: मलाण्याच्या आसपास चरससाठी परदेशी संकरित बिया आल्या आणि जुनं झाड मागे पडलं.

लाइपझिगकर, तुमच्या पाकिटावर 'हिमालयातलं देशी' लिहिलं होतं. कुठल्या दरीतलं, कोणत्या साली गोळा केलं, किती झाडांवरून, हे लिहिलं होतं का?

---

लाइपझिगकर

नाही. विक्रेत्याला दोनदा पत्र टाकलं. पहिल्याला उत्तर आलं नाही, दुसऱ्याला 'अस्सल आहे, खात्री बाळगा' एवढंच आलं. आता वाटतं, मी ज्याला देशी म्हणत होतो ते कुणीतरी हॉलंडमध्ये तीन-चार झाडांवरून वाढवलेलंही असू शकतं.

---

बाजरीवाला

असू शकतं, आणि इथेच तुमच्या शीर्षकाचं उत्तर आहे. देशी वाण म्हणजे एक झाड नसतं, अख्खं गाव असतं. त्यात काही लवकर, काही उशिरा, काही बुरशीला बळी, काही चिवट. म्हणूनच एखादं वर्ष वाईट गेलं तरी काहीतरी उरतं. तीन झाडांत तुम्ही त्या गावातली तीन माणसं आणली. ती कितीही देखणी असली तरी गाव टिकत नाही. असं बी नूतनीकरण करताना आम्ही बाजरीत शंभरावर झाडं घेतो, सगळ्यांचा पराग एकत्र करून एकमेकांवर टाकतो, आणि प्रत्येक कणसातून सारखंच बी उचलतो, म्हणजे एकाच झाडाची पोरं जास्त होत नाहीत.

म्हणून वाण जपायचं मनातून काढा. पण संकर जरूर करा, तो आनंद वेगळा आहे. माझं सांगणं एवढंच:

पहिल्या वर्षी फक्त निरीक्षण. सातपैकी तीन बिया लावा, बाकीच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत, सोबत कोरड्या तांदळाची पुरचुंडी, आणि फ्रिजमध्ये. बियांचे वैरी दोनच, ओल आणि ऊब. प्रत्येक झाडाची वही ठेवा: पहिलं फूल कोणत्या तारखेला, त्या दिवशी दिवस किती तासांचा, बुरशी कधी, वास कसा. आठवणीवर विसंबू नका. मी चाळीस वर्षं वही ठेवली, आणि तरीही माझी आठवण वहीशी भांडायची. दर वेळी वही बरोबर निघायची.

दुसऱ्या वर्षी संकर. सगळ्या झाडाला पराग लावायचा नाही. मादीची एकच खालची फांदी निवडा, तिच्यावर कागदी पिशवी, बारीक कुंचल्याने थोडा पराग, पुन्हा पिशवी, आणि दोऱ्याने तारखेची चिठ्ठी. बाकी झाड नेहमीसारखं वाढेल. एका फांदीवर तुम्हाला आयुष्यभर पुरेल एवढं बी मिळेल.

---

मधुरा_बर्लिन

काकांच्या म्हणण्याला इथला एक मार्ग जोडते. १ जुलै २०२४ पासून लागवडीचे क्लब सुरू झालेत, एका क्लबात ५०० पर्यंत सदस्य. घरचा माल दुसऱ्याला देता येत नाही, पण क्लब सदस्यांना बिया आणि छाटे देऊ शकतो, महिन्याला सात बिया किंवा पाच छाटे इतक्या मर्यादेत. दुसऱ्या पिढीच्या दोनशे झाडांची निवड करायची तर ती क्लबातच शक्य आहे. आमच्या क्लबात दोघं बागायतीचं शिक्षण घेतलेले आहेत, पण वही ठेवणारं कुणी नाही.

---

अल्मोड्याहून

आणि वहीत बुरशीचा रकाना मोठा ठेवा. इथल्या बायका बी निवडताना शेंड्याकडे बघतच नाहीत. पावसात जे झाड शेवटपर्यंत उभं राहिलं त्याचं बी ठेवतात. सीताफळाच्या झाडासारखं ठेंगणं, फांद्या सुट्या, तुरे विरळ. वारा आरपार जातो. तुमचं झाड गेलं ते तुरे घट्ट होते म्हणूनही असेल.

---

लाइपझिगकर

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी घट्ट तुरा हाच चांगला समजत होतो, कारण फोटोत तोच भरगच्च दिसतो.

आज संध्याकाळी बिया मोजल्या. सात. त्यातली एक फिकट हिरवी, बोटाने दाबली तर टरफल दबलं, म्हणजे सहाच धरायच्या. तांदूळ तव्यावर गरम करून घेतले, गार झाल्यावर सुती कपड्यात बांधले. तीन बिया बाटलीत घालून फ्रिजच्या दारात ठेवल्यात, वर मराठीत चिठ्ठी लावलीय, म्हणजे बायको चुकून मेथी समजायची नाही. उरलेल्या तीन एप्रिलच्या शेवटी लावेन.

वही आणली आहे, आडव्या रेघांची. मधुरा, तुमच्या क्लबाला वही ठेवणारा माणूस हवा असेल तर लाइपझिगहून बर्लिनला रेल्वेने सव्वा-दीड तास लागतो. शनिवारी येऊ शकतो. क्लबाचे नियम दुसऱ्या गावच्या माणसाला परवानगी देतात का, तेवढं विचारून सांगाल?

---

मधुरा_बर्लिन

विचारते. सदस्यत्वाला जर्मनीत सहा महिन्यांचं वास्तव्य लागतं, ते तुमचं आहेच, आणि एका वेळी एकाच क्लबात राहता येतं. पुढची बैठक रविवारी आहे. वही घेऊन या, पहिली पानं कोरी असली तरी चालेल.